हा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाबा एका सरकारी कचेरीत गेले होते. भरलेलं बिल न भरलेलं दाखवत होते, त्याचा निकाल लावायला. सोबत पावती, पावतीची झेरॉक्स, आणि झेरॉक्सची झेरॉक्स. (आमचे बाबा निवृत्त कारकून आहेत. त्यामुळे समोरच्या पार्टीची सगळी अस्त्रं त्यांना ठाऊक असतात.) खिडकीतल्या मुलाने पावतीकडे बघितलंसुद्धा नाही. मॉनिटर जरासा फिरवून म्हणाला, "काका, इथे बाकी दिसतेय. आता कॉम्प्युटर काय खोटं बोलणारे का?"

घरी आल्यावर बाबांनी मला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काय रे, तुमचा कॉम्प्युटर चुकतो का?"

मला हसू आलं. म्हटलं, "बाबा, तो चुकतो म्हणून तर आपलं घर चालतंय."

खोटं नाही ते. माझी निम्मी नोकरी दुसऱ्यांनी केलेले बग काढण्यात गेली, आणि उरलेली निम्मी पुढच्यांसाठी नवे बग तयार करण्यात. आपल्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. सॉफ्टवेअर आतून कसं असतं हे माहीत असलेला माणूस सॉफ्टवेअरवर फार विश्वास ठेवत नाही. हलवायाच्या घरचे जसे मिठाईला हात लावत नाहीत तसं. गंमत अशी की धंद्याच्या बाहेर बरोबर उलटं आहे. पडद्यावर आकडा उमटला की ती काळ्या दगडावरची रेघ. आणि ह्यात आपल्याकडचा खिडकीतला मुलगाच तेवढा सामील आहे असं समजू नका. ज्या साहेबाकडून आपण कचेरी, फाइल आणि 'थ्रू प्रॉपर चॅनेल' शिकलो, त्या खुद्द साहेबाच्या देशात ह्या एका समजुतीपायी नऊशेच्या वर माणसं गुन्हेगार ठरली. काही तुरुंगात गेली. काही जिवानिशी गेली.

बाबांना ती गोष्ट सांगता सांगता जेवण थंड झालं, म्हणून म्हटलं आता इथे लिहूनच काढू. चहा घेऊन बसा, जरा लांबण आहे.

दुकान, काउंटर आणि वही

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ब्रिटनमधली बहुतेक पोस्टं सरकारी नोकर चालवत नाहीत. गावात एक दुकान असतं. ब्रेड, दूध, वर्तमानपत्रं, वाढदिवसाची कार्डं. त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर. ते चालवणारा तो सबपोस्टमास्तर. बऱ्याचदा नवरा-बायकोने आयुष्यभराची पुंजी घालून, कर्ज काढून ते दुकान घेतलेलं असतं. गावातल्या म्हाताऱ्यांची पेन्शन, पार्सलं, बिलं, सगळं तिथेच. साहजिकच गावात मान असतो. विश्वासाचा माणूस!

पोस्ट ऑफिसशी त्यांचा करार असे. त्यात एक कलम होतं: सबपोस्टमास्तरच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे हिशेबात तूट आली तर ती त्याने स्वतःच्या खिशातून भरायची. पोस्टाने प्रत्यक्षात ह्याचा सोयीस्कर अर्थ लावला, की तूट आली म्हणजे ती तुझ्याच चुकीमुळे आली. भर पैसे.

वहीखात्याच्या काळात हे एक वेळ चालून जायचं. तूट दिसली की रात्री कागद पसरून बसायचं, एकेक नोंद तपासायची, आणि कुठेतरी ४५ च्या जागी ५४ लिहिलेले सापडायचे. चूक शोधता यायची, कारण चूक कागदावर असायची.

मग कॉम्प्युटर आला.

दोन घरचा पाहुणा

ह्या सिस्टीमचं नाव हॉरायझन. म्हणजे क्षितिज. जितकं जवळ जावं तितकं लांब जाणारं. नाव ठेवणाऱ्याच्या दूरदृष्टीला सलाम!

१९९६ साली आयसीएल ह्या कंपनीच्या एका उपकंपनीला हे काम मिळालं. आयसीएल म्हणजे एके काळचा ब्रिटनचा राष्ट्रीय अभिमान. तोवर ती जपानच्या फुजित्सुच्या ताब्यात गेलेली होती. मूळ कल्पना अशी, की सरकारी भत्ते आणि पेन्शन कागदी पुस्तकांऐवजी कार्डावर द्यायची. गिऱ्हाईकं दोन: भत्ते देणारं खातं आणि पोस्ट. एकाला काय हवंय ते दुसऱ्याला नको. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. तीन वर्षं ओढाताण झाली आणि मे १९९९ मध्ये कार्डाची योजनाच गुंडाळली गेली.

आता मुख्य कामच रद्द झालं तर बाकीचं काय करायचं? एवढा पैसा ओतलाय, टाकून थोडंच देणार! मग ठरलं, की उरलेली सिस्टीम पोस्टाच्या काउंटरांवर बसवायची. १९९९ पासून पुढच्या दीड-दोन वर्षांत ती हजारो पोस्टांमध्ये बसलीसुद्धा.

आतून ती कशी होती? ह्याचा एक सुंदर पुरावा शिल्लक आहे, आणि तो फक्त आपल्या जातभाईंनाच खऱ्या अर्थाने कळेल. १९९८ साली, म्हणजे सिस्टीम बाहेर पडायच्या आधीच, काउंटरच्या हिशेबाच्या भागात इतके दोष निघायला लागले की कंपनीने अंतर्गत टास्क फोर्स नेमली. तिच्या अहवालात नमुन्यादाखल एक फंक्शन दिलंय. काम काय, तर संख्येचं चिन्ह उलटं करायचं. अधिकचं उणे, उणेचं अधिक. तुम्ही-मी काय करू? पुढे एक वजाचं चिन्ह लावू आणि घरी जाऊ. ह्या पठ्ठ्याने काय केलं होतं? संख्या शून्याहून कमी असेल तर तिचं निरपेक्ष मूल्य घ्यायचं. नसेल तर त्या संख्येतून तिचीच दुप्पट वजा करायची!

बघा, उत्तर बरोबरच येतं. म्हणूनच ते भयानक आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी स्वच्छ शब्दात म्हटलं होतं, की हे लिहिणाऱ्याला ना प्राथमिक गणित कळतं ना प्रोग्रामिंगचे मूलभूत नियम. आणि असा माणूस देशातल्या पोस्टांचा हिशेब लिहीत होता. हा भाग नव्याने लिहावा अशी सूचना झाली. वरच्यांनी विचार केला. खर्च, वेळ, डेडलाइन. नव्याने लिहिलं नाही. 'चलता है' हा वाक्प्रचार फक्त आपलाच आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

कायद्याचं टायमिंग

इथवर गोष्ट तशी नेहमीची आहे. बंडल सॉफ्टवेअर कोणी बघितलेलं नाही? पण आता कायदा काय करतो ते बघा.

ब्रिटनमध्ये १९८४ च्या एका कायद्यात कलम ६९ होतं. कॉम्प्युटरचा कागद कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा असेल तर तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे आधी दाखवा, असं ते कलम सांगायचं. शहाणं कलम. पण वकिलांना वाटायला लागलं की ही फारच कटकट आहे. प्रत्येक वेळी कुठे सिद्ध करत बसायचं? १९९७ मध्ये विधी आयोगाने ते काढायची शिफारस केली, १९९९ च्या कायद्याने ते काढलं आणि २००० मध्ये ते प्रत्यक्षात गेलं. त्यानंतर कोर्ट काय गृहीत धरणार? यंत्र नीटच चालत होतं. बिघडलेलं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर तुम्ही दाखवा.

म्हणजे हॉरायझन काउंटरवर बसायला आणि कॉम्प्युटर कायद्याने निर्दोष व्हायला एकच मुहूर्त!

दाखवणार कसं? सबपोस्टमास्तरला पडद्यावर बेरीज दिसायची. त्या बेरजेच्या मागे नक्की काय घडलं, हे शोधायला लागणारा डेटा त्याच्याकडे नव्हता. तो पोस्टाकडे आणि फुजित्सुकडे. आणि इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक खटले कोण भरायचं? पोस्टच. पोलीस नाही, सरकारी वकील नाही. पैसे बुडाले म्हणून तक्रार करणारे ते, तपास करणारे ते, आणि कोर्टात उभे राहणारे वकीलही त्यांचेच. आपल्याकडे तीन खात्यांत फाइल अडकते म्हणून आपण शिव्या घालतो. एकाच खात्यात इतकी सुरळीत सरकली तर काय होतं, ते इथे बघायला मिळतं.

"नाही हो, बाकी कोणाची तक्रार नाही"

हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात जो हॅमिल्टन ह्या बाई दुकान आणि पोस्ट चालवायच्या. एक दिवस दोन हजार पौंडांची तूट दिसली. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून सांगितलं तशी बटणं दाबली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट चार हजार झाली! (हेल्पलाइनचा इतका तातडीचा परिणाम मी तरी कधी अनुभवलेला नाही.) पुढे आकडा छत्तीस हजारांच्या घरात गेला. घर गहाण पडलं. शेवटी चोरीचा आरोप मागे घेतो, तुम्ही खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, पैसे भरा, आणि हॉरायझनला दोष देऊ नका, असा सौदा झाला. तुरुंग टळावा म्हणून त्यांनी कबूल केलं. गावाने वर्गणी काढून पैशांना हातभार लावला. गावाला माहीत होतं बाई चोर नाही. सिस्टीमला माहीत नव्हतं.

ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटनने हेल्पलाइनला ९१ वेळा फोन केला. एक्याण्णव! कोणता चोर चोरी करताना पोलिसांना ९१ वेळा फोन करून सांगतो, की इथे पैसे गायब होतायत, या आणि बघा? पण हा प्रश्न कोणाला पडला नाही. साधारण पंचवीस हजार पौंडांच्या तुटीसाठी पोस्टाने त्याला हायकोर्टात खेचलं. वकील परवडेना म्हणून तो स्वतःच उभा राहिला. २००७ मध्ये हरला, आणि पोस्टाच्या खर्चापोटी त्याच्यावर ३ लाख २१ हजार पौंड बसले. दिवाळखोर झाला.

वेल्समधले नोएल थॉमस. साठावा वाढदिवस तुरुंगात.

आणि सीमा मिश्रा. सरेमधलं वेस्ट बायफ्लीट. चौऱ्याहत्तर हजार पौंडांची तूट. ११ नोव्हेंबर २०१० ला त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि पोटात दुसरं बाळ होतं, आठ आठवड्यांचं. पोस्टाच्या वकिली खात्यातून ह्या खटल्याच्या निकालानंतर एक ईमेल फिरला. आता हॉरायझनवर खापर फोडायच्या ह्या टूममध्ये सामील व्हायचा धीर बाकीच्या आरोपींना होणार नाही, अशी आशा त्यात व्यक्त केलेली होती. म्हणजे हॉरायझनवर संशय घेणारे पुष्कळ आहेत हे त्यांना माहीत होतं, एवढं तर ह्यातून नक्की कळतं.

आणि इकडे हेल्पलाइन मात्र एकेका माणसाला सांगत होती, असं फक्त तुमच्याच बाबतीत होतंय.

हे वाक्य जरा थांबून बघा. किती साधं आहे. शिवी नाही, धमकी नाही. पण तूट दिसणारा माणूस हे ऐकतो तेव्हा तो स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. मग बायकोवर. मग काउंटरवर बसणाऱ्या पोरीवर. रात्री कागद पसरायला कागदच नाहीत. लाज वाटते म्हणून शेजारच्या गावातल्या पोस्टात कोणी विचारत नाही. आणि शेजारच्या गावातला सबपोस्टमास्तर त्याच रात्री, त्याच लाजेने, त्याच पडद्याकडे बघत बसलेला असतो.

डॅलमेलिंग्टन आणि मी

इथे एक कबुली द्यायची आहे.

स्कॉटलंडमध्ये डॅलमेलिंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या बाई २०१५ मध्ये आठ हजार पौंडांची रोकड दुसऱ्या शाखेत घेतल्याची नोंद करत होत्या. पडदा अडकला. त्यांनी पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा. पुन्हा. पडद्यावर काहीच हललं नाही, पण आत प्रत्येक दाबेला एक नोंद झाली होती. आठ हजारांचे झाले बत्तीस हजार, आणि चोवीस हजारांची तूट बाईंच्या नावावर. हा बग २०१० पासून तसाच पडून होता आणि डझनावारी शाखांना चावून गेला होता.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझे कान तापले. कारण हा बग मी केलेला आहे. हाच नाही, पण ह्याचा सख्खा भाऊ. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका परदेशी गिऱ्हाइकाच्या गोदामासाठी आम्ही मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करत होतो. तिथल्या एका माणसाचा मेल यायचा. शिफ्टच्या शेवटी त्याचे खोके मोजणीला कमी भरायचे. मेल अतिशय सभ्य. प्रत्येक वेळी सुरुवातीला माफी, की तुम्हाला परत त्रास देतोय. मी लॉग वरवर चाळले, बाकीच्या गोदामांतून तक्रार नव्हती, म्हणून 'वापरकर्त्याची चूक' असं लिहून तिकीट बंद केलं. शुक्रवार होता. डॅशबोर्डवर माझं नाव हिरवं झालं.

त्याने आणखी दोनदा लिहिलं. मी आणखी दोनदा बंद केलं. मग मेल यायचे थांबले.

तीन-चार महिन्यांनी दुसरंच काहीतरी शोधताना मला सापडलं. त्याच्या गोदामातलं नेटवर्क कच्चं होतं. मधेच तुटलं की माझा कोड नोंद पुन्हा पाठवायचा, आणि आधीची पोचली की नाही हे विचारायचाच नाही. माल एकदा यायचा, नोंद दोनदा. मी गुपचूप दुरुस्त केलं, पुढच्या रिलीजमध्ये 'किरकोळ सुधारणा' म्हणून घातलं. त्या माणसाला मेल केला नाही. त्याच्या पगारातून काही कापलं का, त्याची नोकरी राहिली का, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे हे मला कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

माझ्यात आणि फुजित्सुच्या माणसांत फरक एवढाच, की माझ्या गिऱ्हाइकाकडे स्वतःचा वकील घेऊन खटला भरायची सोय नव्हती. असो.

बगला सौम्य शब्द सुचवा

पोस्टातल्या वरच्यांना काहीच माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा राहिलेली नाही. २०१२ मध्ये खासदारांच्या दबावामुळे सेकंड साइट नावाची बाहेरची तपासनीस कंपनी नेमावी लागली. २०१३ च्या जुलैत तिचा पहिला अहवाल आला आणि त्यात बग निघाले. त्याच सुमारास तेव्हाच्या मुख्याधिकारी पॉला वेनेल्स ह्यांनी आपल्या नवऱ्याला विचारलं, की 'बग' ह्या शब्दाला भावना न चाळवणारा एखादा पर्याय आहे का? नवऱ्याने सुचवलं: 'अपवाद' किंवा 'विसंगती'. (आमच्याकडेही हे खातं आहे. तिथे बगला 'फीचर' म्हणतात.)

त्याच महिन्यात पोस्टाने नेमलेल्या एका बॅरिस्टरने लेखी सांगितलं, की फुजित्सुच्या ज्या तज्ज्ञाच्या साक्षीवर तुम्ही खटले जिंकलात त्याने माहीत असलेले बग कोर्टाला सांगितले नाहीत, तेव्हा त्याची साक्ष आता भरवशाची नाही. मग हॉरायझनच्या अडचणींवर दर आठवड्याला बैठक घ्यायचं ठरलं. आणि ऑगस्टमध्ये त्याच बॅरिस्टरला दुसरी चिठ्ठी लिहावी लागली, कारण त्या बैठकांची टिपणं नष्ट करायला सांगितल्याचं त्याच्या कानावर आलं होतं! नवे खटले आटले, पण जुन्यांना कोणी सांगितलं नाही. २०१५ मध्ये सेकंड साइटला नारळ देण्यात आला.

फुजित्सुच्या ऑफिसात बसून शाखेच्या हिशेबात हात घालता येतो का? पोस्टाचं उत्तर ठाम होतं: शक्यच नाही. फुजित्सुत काम केलेल्या रिचर्ड रोलने २०१५ मध्ये बीबीसीवर सांगितलं की शक्य आहे, आम्ही करायचो. तरी पोस्ट नाहीच म्हणत राहिलं. शेवटी कोर्टकचेरीत ते कबूल करावं लागलं. प्रॉडक्शन डेटाबेसला कोणाचाच हात लागत नाही, ह्या वाक्यावर विश्वास ठेवणारा एक तरी डेव्हलपर मला दाखवा.

गावच्या हॉलमध्ये

ह्या सगळ्यातून बाहेर कसं पडले? एका चिवट माणसामुळे. अ‍ॅलन बेट्स. वेल्समधल्या समुद्रकाठी पोस्ट चालवायचे. कॉम्प्युटरने दाखवलेली तूट भरायला त्यांनी साफ नकार दिला आणि २००३ मध्ये पोस्टाने त्यांचा करार संपवला. २००९ च्या मे महिन्यात 'कॉम्प्युटर वीकली' ह्या साप्ताहिकाने सात सबपोस्टमास्तरांची कहाणी छापली. मोठ्या वर्तमानपत्रांनी नाही हं, आपल्या धंद्याच्या साप्ताहिकाने. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बेट्सनी फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या हॉलमध्ये सभा बोलावली. दोन-तीन डझन माणसं आली असतील. आणि प्रत्येकाला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं, की असं फक्त तुमच्याच बाबतीत होतंय.

तिथून न्याय मिळायला पंधरा वर्षं लागली. ५५५ जणांनी एकत्र दावा लावला. पहिला निकाल विरुद्ध जातोय म्हटल्यावर मार्च २०१९ मध्ये पोस्टाने न्यायाधीशच पक्षपाती आहेत, त्यांना हटवा असा अर्ज केला. (मॅच हरतोय? अंपायर बदला.) अर्ज फेटाळला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर ह्यांनी निकालात म्हटलं, की पोस्टाचा पवित्रा म्हणजे आजच्या काळात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे. तडजोडीची रक्कम ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड. ऐकायला भरपूर. त्यातून वकिलांचे आणि खटल्याला पैसे पुरवणाऱ्यांचे गेल्यावर माणशी साधारण वीस हजार उरले. २३ एप्रिल २०२१ ला अपील कोर्टाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यात हॅमिल्टन, थॉमस आणि मिश्रा होत्या.

बाकीचे शेकडो? त्यांची फाइल चालू होती. मग जानेवारी २०२४ मध्ये ह्या विषयावर टीव्हीवर चार भागांची मालिका आली. लोक खवळले. आणि जे काम पुरावे, निकाल, अहवाल ह्यांना इतकी वर्षं जमलं नव्हतं ते पाच महिन्यांत झालं. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून इंग्लंड आणि वेल्समधल्या उरलेल्या शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. लोकशाहीत सत्याचा विजय होतो. फक्त त्याला प्राइम टाइम मिळावा लागतो.

दरम्यान बाकीच्यांचं काय झालं म्हणता? वेनेल्सबाईंना २०१९ च्या सुरुवातीला सरकारी किताब मिळाला होता. तो मालिका आल्यावर परत गेला. २०२२-२३ मध्ये पोस्टाच्या बड्या अधिकाऱ्यांना बोनस मिळाला, कशासाठी? ह्याच प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीला नीट सहकार्य केलं म्हणून! बोंब झाल्यावर माफी मागितली. आणि २०२५ मध्येही पोस्टाच्या काउंटरवर हॉरायझनच चालू होतं.

चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. किमान तेरा जणांनी ह्यापायी जीव दिला असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. ह्यावर मला काही विनोद सुचत नाही.

हिरवे दिवे

मला विचाराल तर ही गोष्ट वाईट कोडची नाही. वाईट कोड सगळीकडे असतो; मी ज्या हॉस्पिटलात, ज्या विमानात, ज्या बँकेत जातो तिथेही असेल. ही गोष्ट नेमून दिलेलं काम चोख करणाऱ्यांची आहे. हेल्पलाइनवाल्याने स्क्रिप्ट वाचली. सपोर्टवाल्याने तिकीट बंद केलं. तपासनीसाने वसुली केली. वकिलाने खटला जिंकला. प्रसिद्धीवाल्याने पत्रक काढलं. सगळ्यांच्या डॅशबोर्डवर हिरवे दिवे. "हा माणूस खरं बोलत असेल तर?" हा प्रश्न विचारणं मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

माझ्या यादीत ते आता आहे. तक्रार एकाचीच असली की मी तिकीट बंद करायच्या आधी एक दिवस जास्त घेतो. साहेब कुरकुरतो. कुरकुरू दे. त्या गोदामातल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

बाकी, बाबा परवा पुन्हा त्या कचेरीत जाऊन आले. ह्या वेळी मीही सोबत होतो. खिडकीतला मुलगा तोच, मॉनिटर तोच, बाकी तीच. वर म्हणाला, "काका, हा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय."

बाबा काही बोलले नाहीत. सावकाश मागे वळले, रांगेकडे बघितलं आणि हातातली पावती उंच धरून विचारलं, "आणखी कोणाची आहे का हो ही तक्रार?"

रांगेतून तीन हात वर आले. बाबांनी तिघांचे फोन नंबर लिहून घेतले. झेरॉक्सच्या मागच्या बाजूला.